माळ्यावरचं आगगाडीचं किट: जोडायचं, ठेवायचं की विकायचं?

माझा काका साठच्या दशकात इंग्लंडात नोकरीला होता. परत येताना त्याने प्लास्टिकच्या इंजिनांची नऊ किट आणली आणि जोडलं एकही नाही. तो गेल्यावर काकूने सगळी खोकी माझ्यापुढे ठेवली, "तूच बघ बाबा यांचं काय ते."

पहिल्यांदा खोक्यावरचं नाव वाचा. 'किटमास्टर' ही रोझबड या बाहुल्या बनवणाऱ्या कंपनीची मालिका. १९५९ मध्ये सुरू झाली आणि १९६२ मध्ये तिचे साचे एअरफिक्स या दुसऱ्या किट बनवणाऱ्या कंपनीने घेतले. पुढे ते डापोल या कंपनीकडे गेले. पण एअरफिक्सने सगळीच इंजिनं पुन्हा काढली नाहीत, आणि भावातला फरक तिथेच पडतो. 'इव्हनिंग स्टार' हे इंजिन एअरफिक्सनेही काढलं, डापोलनेही. त्याचं एअरफिक्सचं फाटक्या खोक्यातलं किट जपून काय करणार? खुशाल जोडा. पुन्हा न निघालेलं किटमास्टर धड खोक्यात असेल, तर मात्र कात्री लांब ठेवा.

मग भाग मोजा. मी स्वयंपाकघरातली मोठी परात घेतो, बारीक दांडे तिच्यातून घरंगळत नाहीत. माहितीपत्रकातल्या आकृतीवर एकेक भाग पेन्सिलीने टिपत जायचं. भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यातून सुटलेला भाग खोक्यात मिळाला तर ठीक, पण चाक किंवा जोडदांडा हरवला असेल तर ते किट 'अपूर्ण' असं स्पष्ट लिहूनच विका. विकताना लोक किती मागतात ते पाहू नका, प्रत्यक्षात कितीला गेलं ते बघा. गिऱ्हाईक बहुधा परदेशातलं असतं, तेव्हा टपालखर्च आधी काढा. माझ्या दोन खोक्यांचा नफा तिथेच संपत होता, म्हणून ती विकलीच नाहीत.

ठेवायचं असेल तर पावसाळ्याची सोय हवी. पुठ्ठ्याला बुरशी धरते, कागदाला कसर लागते. म्हणून मी शहाणपणा करून एका खोक्यात डांबरगोळ्या टाकल्या. दोन महिन्यांनी उघडलं तर गोळीला टेकलेलं छप्पर चिकट, मऊ झालेलं आणि त्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा! गोळीतल्या नॅप्थलीनची वाफ पॉलिस्टायरीनला, म्हणजे किटच्या प्लास्टिकला खाते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, झाकणाचा डबा घ्या आणि तो माळ्यावर नको, कपाटात ठेवा.

आता जोडणी. भाग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवा. गरम पाण्याने ते वाकतात. ट्यूबमधला जुना गोंद सरळ फेका आणि पातळ प्लास्टिक सिमेंट ब्रशने लावा. पिवळी पडलेली चित्रपट्टी (पाण्यात भिजवून इंजिनावर चिकटवायचे आकडे-चिन्हं असलेला कागद) पारदर्शक पिशवीत घालून काही दिवस खिडकीच्या काचेला चिकटवली की बरीच उजळते. मात्र पाण्यात टाकण्याआधी वरून पारदर्शक वॉर्निशचा एक हात द्या, नाहीतर आकड्यांचे तुकडे पाण्यावर तरंगताना दिसतील.

आणि हो, यांत मोटर नसते. धावत्या गाड्या बघायच्या तर कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे.

ते छप्पर बिघडलेलं इंजिन मीच जोडायला घेतलंय. काकूने परवा बोटाने ढकलून पाहिलं. चाकं फिरली, एक जोडदांडा मात्र निसटून सोफ्याखाली गेला. अजून शोधतोय.