छोटी ऑनलाइन खरेदी: पैसे भरताना या चुका टाळा

एखादं ई-पुस्तक, एखादा फॉन्ट, गेममधली नाणी. रक्कम इतकी किरकोळ असते की पैसे भरताना स्क्रीनवर काय लिहिलंय ते आपण वाचतही नाही. पण कार्ड तेच असतं, खातंही तेच, आणि मोठ्या खरेदीला देतो तीच परवानगी इथेही आपण देऊन बसतो.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे पान अडकलं की पुन्हा पैसे भरणं. कार्डाने पैसे भरताना दोन टप्पे असतात. आधी बँक तेवढी रक्कम आपल्या खात्यात अडवून ठेवते, याला ऑथरायझेशन म्हणतात. विक्रेत्याने मागणी केली की ती प्रत्यक्ष त्याच्याकडे वळती होते. मध्येच नेट गेलं तर पहिला टप्पा झालेला असतो, पण विक्रेत्याकडे ऑर्डरच नोंदलेली नसते. पैसे गेल्याचा मेसेज येतो, आपण घाबरतो आणि परत भरतो. काही दुकानांची यंत्रणा प्रत्येक ऑर्डरला स्वतंत्र खूण देते, त्यामुळे बटण दोनदा दाबलं तरी व्यवहार एकच धरला जातो. सगळीकडे ही सोय नसते.

म्हणून आधी ‘माझ्या ऑर्डर्स’ उघडा, ईमेल बघा, मग बँकेच्या ॲपमध्ये ती नोंद ‘पेंडिंग’ आहे का ते पाहा. ऑर्डर नसेल आणि नोंद पेंडिंग असेल, तर अडवलेली रक्कम सहसा काही दिवसांत आपोआप सुटते. अशा वेळी रिफंडची वेगळी जमा दिसेलच असं नाही. बऱ्याचदा मूळ नोंदच नाहीशी होते. कितीतरी जण न येणारा रिफंड शोधत बसतात, कारण हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. रक्कम खरोखर वळती झाली असेल, तर व्यवहार क्रमांकासह आधी विक्रेत्याला लिहा आणि त्याने दाद दिली नाही तर बँकेकडे तक्रार करा. या तक्रारींना मुदत असते, तेव्हा ‘बघू नंतर’ नको.

दुसरी चूक फुकट ट्रायलची. फोनवरून ॲप काढून टाकलं की वर्गणी थांबली, असं अनेकांना वाटतं. ॲपल आणि गूगल या दोन्हींच्या स्टोअरमध्ये वर्गणी खात्याला जोडलेली असते, ती तिथे जाऊनच रद्द करावी लागते. कार्ड बदललं तरी सुटका होईल याची खात्री नाही: व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्याकडे नव्या कार्डाचा तपशील विक्रेत्यांपर्यंत पोचवणाऱ्या सेवा आहेत. वर्गणी रद्द झाल्याचा ईमेल जपून ठेवा.

मुलांच्या हाती फोन देत असाल तर प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सेटिंग चालू करा. पूर्वी ॲपलच्या स्टोअरमध्ये एकदा पासवर्ड टाकला की १५ मिनिटं तो पुन्हा विचारला जात नसे, आणि तेवढ्या वेळात मुलं भराभर खरेदी करत. ग्राहकांच्या हिताकडे लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेबरोबर २०१४ मध्ये झालेल्या तडजोडीत कंपनीने ग्राहकांना किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करायचं मान्य केलं.

स्टेटमेंटमधली अनोळखी, अगदी बारीक रक्कमही सोडून देऊ नका. चोरलेलं कार्ड चालतं की नाही हे भामटे आधी अशाच रकमेने तपासतात. छोट्या रकमांना पडताळणीही अनेकदा सैल असते. युरोपीय संघाच्या नियमांत ३० युरोंपर्यंतच्या ऑनलाइन व्यवहाराला, ठरावीक मर्यादेत, दुहेरी पडताळणीतून सूट देता येते. म्हणून प्रत्येक व्यवहाराचा मेसेज चालू ठेवा, आणि बँक देत असेल तर कमी मर्यादेचं व्हर्च्युअल कार्ड (ऑनलाइन खरेदीसाठीचं, फक्त नंबराच्या रूपातलं कार्ड) वापरा.

परकीय चलनात किंमत असेल तर ‘तुमच्या चलनात भरा’ हा पर्याय बहुधा महाग पडतो. वॉलेटमध्ये गरजेपेक्षा जास्त पैसे टाकून ठेवू नका. काही वॉलेटमधून ते परत खात्यात आणता येत नाहीत.

आणि पैसे अडकले म्हणून सर्च करून सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर फोन लावू नका. नंबर ॲपमधून किंवा कार्डाच्या मागून घ्या. रिफंड मिळण्यासाठी पिन, ओटीपी किंवा सीव्हीव्ही सांगावा लागत नाही. पलीकडच्या माणसाने तो मागितला, तर फोन तिथेच ठेवून द्या.