मांडीत गोळा आला की

वाईतून सायकलनं पसरणी घाट चढताना माझ्या उजव्या मांडीत, आतल्या बाजूला, गोळा आला. मार्चचं ऊन होतं. सकाळपासून १२० किलोमीटर झाले होते आणि तोवर पाचेक लिटर साधं पाणी पोटात गेलं होतं. पेडलला अडकवलेला बूट सुटेना. कशीबशी कठड्याला टेकले, मांडीवर हात ठेवला तर आत दगड असावा तसा स्नायू लागत होता.

अशा वेळी आधी थांबा. गोळा पोटरीत असेल तर गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं स्वतःकडे ओढा. मांडीच्या पुढच्या बाजूला असेल तर उभं राहून टाच मागून वर धरा. आतल्या बाजूला असेल तर पाय फाकवा आणि दुसऱ्या गुडघ्यात हळूहळू वाका. झटके देऊ नका, अर्धा मिनिट ताण धरून ठेवा. गोळा बहुतेक वेळा ताणानंच सुटतो. काकडीच्या लोणच्याच्या आंबट-खारट पाण्याचा घोट घेतल्यावर गोळा लवकर, साधारण दीड मिनिटात, सुटतो असं एका प्रयोगात दिसलं होतं, पण तेवढ्या वेळात मीठ रक्तात पोचत नाही. घशाला बसलेल्या आंबट झटक्यानं नसा शांत होत असाव्यात.

म्हणजे गोळ्याचं सगळं खापर मीठ कमी पडण्यावर फोडू नका. सवयीपेक्षा जास्त जोर लावला की दमलेला स्नायू आखडतो. त्या दिवशी मी घाटात जड गिअर रेटत होते. आता चढ दिसायच्या आधीच गिअर हलका करते. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त फरक यानंच पडला.

तरीही मीठ लागतंच. घामातून मिठातलं सोडियम जातं आणि वर नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली येतं. मळमळ, डोकं जड, अंगठी घट्ट होणं ही त्याची लक्षणं, आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला तर थेट दवाखाना.

आपला घाम मोजा. घरून निघताना वजन करा, तासभर चालवा, घाम पुसून पुन्हा करा. माझं ६१.४ चं ६०.९ झालं आणि मधे अर्धा लिटर पाणी प्यायले होते, म्हणजे तासाला एक लिटर घाम. जर्सीवर वाळलेल्या मिठाच्या पांढऱ्या रेषा उमटत असतील तर तुमचा घाम खारट आहे.

औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी मला सर्वांत भरवशाची वाटते. लिटरच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. ती पुडी ७५० मिलीच्या बाटलीत कोंबू नका, द्रावण दाट होऊन पोट बिघडतं. मी २०० मिलीच्या तीन पुड्या ६०० मिली पाण्यात घालते. दुसऱ्या बाटलीत साधं पाणी. तहान लागेल तसे दोन्हींतून आलटून पालटून घोट. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी, म्हणून सोबत खारे शेंगदाणे खाते. जेवायला थांबले तर भाकरी-पिठलं.

रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. आणि राइडनंतर मांड्या सुजून ठणकत असतील, लघवी कोऱ्या चहासारखी होत असेल, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखान्यात जा.