फिल्म कॅमेरा घेऊ की डिजिटल? आधी हे बघा

आधी फोटो कुठं काढणार ते ठरवा. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, छताचं कमळ टिपायचंय तर आत उजेड कमी, २०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे उजेड टिपायची क्षमता) रोल असला आणि कॅमेरा हातात धरला तर फोटो हलणारच, तिथं डिजिटलच बरा, आयएसओ ३२०० करा आणि बिनधास्त काढा. शिवजयंतीच्या मिरवणुकीला पण तेच, ३६ फोटोत रोल संपतो आणि त्या गर्दीत बदलत कुठं बसणार.

पण राजहंसगडावर उन्हात कलर निगेटिव्ह (रंगीत फिल्मचा नेहमीचा रोल) वापरून बघाच! ढगांचा पांढरा भाग ती मस्त सांभाळते, डिजिटलमध्ये तो एकदा उडाला की परत येत नाही. म्हणून निगेटिव्हला उजेड थोडा जास्त द्या, डिजिटलला थोडा कमी.

सेकंडहँड फिल्म बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घेताना मागचं झाकण उघडून १ सेकंदावर शटर दाबा, पडदा नीट उघडून बंद होतोय का बघा, मग १/१००० वर. झाकणाच्या कडेचा फोम चिकट झाला असेल तर घाबरू नका, बदलता येतो. लेन्समधून मात्र टॉर्च मारून आरपार बघायचंच, आत जाळ्यासारखं दिसलं की बुरशी समजा, खानापूरकडच्या पावसात ती लवकर धरते, असली लेन्स मी तरी फुकट मिळाली तरी घेणार नाही.

निकॉन एफएम२ चं शटर बॅटरीशिवाय चालतं, बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला. घरात निकॉनच्या जुन्या, हातानं फोकस करायच्या एआय लेन्स पडून असतील तर निकॉनचा डिजिटल डी७२०० शोधा, त्यावर मीटर चालतो, डी३००० वर नाही. आणि रोल धुवून, स्कॅन करून कुठं मिळेल, केवढ्याला, ते बॉडी घ्यायच्या आधीच विचारून ठेवा.