दिल्लीहून गाडीचे मोठे पार्ट मागवायचे असतील तर

मायापुरीतून, म्हणजे दिल्लीतल्या जुन्या पार्टच्या बाजारातून, जुन्या मारुती झेनचा पुढचा बंपर, बॉनेट आणि डावा दरवाजा सांगलीला मागवले. पार्ट स्वस्तात मिळाले, पण वाचलेले सगळे पैसे भाड्यात गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

मॉडेलचं वर्ष, डावा-उजवा हे तुम्ही बघालच. फोटो मात्र मागच्या बाजूचेही मागवा. बंपरचे क्लिपचे कान तुटलेले असले तरी पुढून कळत नाही. इंजिन घेत असाल तर पक्कं बिल हवंच, त्यावर इंजिन नंबर हवा, नाहीतर पुढे आरटीओत नोंद करताना अडाल.

आता माप. पार्टचं नव्हे, पॅकिंग झाल्यावरच्या नगाचं माप. कुरिअरवाले साधारणपणे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणतात आणि ५००० ने भागतात. तो आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त निघाला की भाडं त्याच्यावर. माझा बंपर एका हाताने उचलता येत होता. विकणाऱ्याने तो १६० × ६० × ४८ च्या खोक्यात घातला आणि भाडं लागलं ९२ किलोचं! खोकं न वापरता बबल रॅप आणि वरून घट्ट पुठ्ठा गुंडाळला असता तर तो १५५ × ४५ × ४० मध्ये बसला असता, म्हणजे ५६ किलो. भाव विचारताना मी फक्त वजन सांगितलं होतं. माप विचारायचं सुचलंच नाही.

तेव्हा विकणाऱ्याला सांगा: आधी पॅक कर, मोजपट्टी लावून तिन्ही मापांचे फोटो पाठव, मग भाडं ठरवू. तो म्हणेल, 'हो जाएगा भाईसाब.' फोटो येईपर्यंत थांबा.

बंपरच्या पोकळीत दिवे, जाळी वगैरे बसवा, ती जागा फुकट जाते. दरवाजाचा आरसा काढून वेगळा गुंडाळा, काच पूर्ण खाली करा. बॉनेट आडवं ठेवलं की त्यावर दुसरा माल चढतो, म्हणून उभं बांधायला सांगा आणि कडांना थर्माकोल लावा. गिअरबॉक्स किंवा इंजिन असेल तर ऑइल पूर्ण काढून भोकं बंद करायची. असा जड माल खऱ्या वजनावरच जातो, तिथे मापाची भीती कमी. पत्रा आणि प्लॅस्टिकसाठी मात्र माप, माप आणि मापच.

कशाने पाठवायचं? एवढ्या मोठ्या नगाला कुरिअर नकोच. ट्रान्सपोर्टच्या पार्ट लोडमध्ये, म्हणजे अनेकांचा माल एकत्र नेणाऱ्या ट्रकमध्ये टाका. तिथेही आकारमानाचा हिशोब असतो, तो कसा लावतात ते आधी विचारा. रेल्वे पार्सलही बघा, निजामुद्दीनहून मिरजेला गोवा एक्सप्रेस थेट येते. पण दोन्ही टोकांची ने-आण आपली, आणि माल स्टेशनवर पडून राहिला तर वारफेज, म्हणजे त्या जागेचा आकार चढतो. सगळ्यात स्वस्त पडतं ते गावातल्या स्पेअर पार्टवाल्याच्या दिल्लीहून येणाऱ्या लॉटमध्ये आपला नग घालणं. ओळख काढा, चार दिवस जास्त लागले तरी चालतील.

बिल्टीवर (ट्रान्सपोर्टवाल्याच्या पावतीवर) नगांची संख्या आणि 'वापरलेले पार्ट' असं लिहून घ्या. पन्नास हजारांच्या वरच्या मालाला ई-वे बिल (माल नेण्यासाठी जीएसटीचं ऑनलाइन बिल) लागतं. टू-पे असेल, म्हणजे भाडं माल घेताना द्यायचं असेल, तर हमाली आणि गोडाऊनचा खर्च त्यात आहे का ते विचारा. डोअर डिलिव्हरी नसेल तर टेम्पो सांगून ठेवा.

माल आला की सही करण्याआधी उघडा, फोटो काढा. मोडतोड असेल तर बिल्टीवर शेरा लिहा, मगच सही.

आणि मापाचे फोटो अजून आले नसतील तर विकणाऱ्याला पुन्हा फोन करा. तोवर पैसे पाठवू नका.