ताकदीच्या गाडीत साधं पेट्रोल टाकायचं की महागाचं?

पंपावर मागं रांग लागलेली असते, पोरगं विचारतं, "काका, साधं का पॉवर?" आणि आपण घाईत काहीतरी सांगून मोकळे होतो. हा निर्णय तिथं घ्यायचाच नाही. घरी गाडी उभी असताना पाच मिनिटांत तो होतो, आणि एकदा नीट घेतला की गाडी विकेपर्यंत पुरतो.

मी बेळगावच्या उद्यमबागेत सिलेंडर हेड आणि ब्लॉकचं मशीनिंग करतो. आपल्या भागात टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या) पेट्रोल गाड्या वाढल्या, तशी माझ्याकडं येणाऱ्या कामाची जात बदलली. पूर्वी लाखभर किलोमीटर घासून म्हातारी झालेली इंजिनं यायची. आता अगदी कमी पळालेली, पण पिस्टन फुटलेलीही येतात. त्यातली काही तरी योग्य पेट्रोलवर वाचली असती, म्हणून हे लिहितोय.

आधी टाकीचं झाकण उघडा

झाकणाच्या आतल्या बाजूला स्टिकर असतो. त्यावर ९१, ९५ किंवा ९८ असा आकडा आणि जवळ 'आरओएन' अशी अक्षरं दिसतील. हा ऑक्टेनचा आकडा. स्टिकर नसेल तर गाडीसोबत आलेल्या पुस्तकात इंधनाचं पान काढा. तिथं दोन गोष्टी वेगवेगळ्या शोधा: किमान किती ऑक्टेन चालेल, आणि कंपनीची शिफारस किती ऑक्टेनची आहे.

किमान ९१ आणि शिफारसही ९१ असेल तर विषय संपला, साधं टाका. किमान ९५ असेल तरीही विषय संपला, ९५ च्या खाली जायचं नाही, मग खानापूरला मिळो न मिळो. ९८ मागणाऱ्या गाड्या थोड्या, पण ज्यांच्याकडं आहेत त्यांनी ९७ च्या वरचं पेट्रोल कुठल्या पंपावर मिळतं ते गाडी घेण्याआधीच पाहून ठेवावं. खरा विचार करावा लागतो तो मधल्या गाड्यांना: किमान ९१, शिफारस ९५. आपल्याकडच्या बऱ्याच टर्बो गाड्या याच खान्यात बसतात.

एक सावधगिरी. अमेरिकेतले व्हिडिओ बघून आकडे लावू नका. तिथल्या पंपावर लिहिलेला आकडा वेगळ्या पद्धतीनं काढतात. त्यांचं ९१ म्हणजे आपल्याकडचं साधारण ९५ ते ९६. कुणीतरी व्हिडिओत "माझी गाडी ९१ वर झकास चालते" म्हणतो आणि आपला माणूस इकडचं ९१ भरून घाट चढायला निघतो.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे

९७ ऑक्टेनच्या लिटरमध्ये ९१ च्या लिटरपेक्षा जास्त ऊर्जा भरलेली नसते. ऑक्टेन एवढंच सांगतं की दाब आणि उष्णता वाढली तरी ते पेट्रोल आपणहून पेट घ्यायला किती विरोध करतं. इंजिनात ठिणगी पडल्यावर ज्योत प्लगपासून कडेकडे शिस्तीत पसरायला हवी. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमध्ये मिश्रण दाबण्याचं प्रमाण, जास्त, त्यात टर्बोनं हवा कोंबलेली, आणि पेट्रोल कमी ऑक्टेनचं असेल, तर ज्योत पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण एकदम भडकतं. यालाच नॉकिंग म्हणतात. कान दिलात तर पत्र्याच्या डब्यात बारीक खडे हलवल्यासारखा आवाज येतो, विशेषतः चढावर आणि काच खाली असताना.

आताच्या गाड्यांत ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो. त्याला हा हादरा कळला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगी थोडी उशिरा टाकतो. इंजिन वाचतं, पण तेवढी ताकद आणि तेवढं मायलेज जातं. म्हणून शिफारस ९५ असलेल्या गाडीत ९५ टाकल्यावर "गाडी हलकी पळते" असं वाटतं ते खरंच असतं. गाडीची मूळची ताकद तिला परत मिळालेली असते. पण ९१ वर ट्यून केलेल्या साध्या हॅचबॅकमध्ये ९७ टाकून काहीच मिळत नाही, कारण तिचा ईसीयू ठिणगी आणखी लवकर टाकायला बसवलेलाच नसतो.

माझ्या टेबलावर आलेल्या एका पिस्टनबद्दल सांगतो. रिमॅप केलेल्या, म्हणजे ताकद वाढवायला ईसीयूची सेटिंग बदललेल्या, टर्बो हॅचबॅकचा होता. वरचा माथा एक्झॉस्टच्या बाजूच्या कडेला काळा नव्हता, उघडा ॲल्युमिनियमसारखा राखाडी होता आणि त्यात बारीक बारीक खड्डे पडले होते. पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधला पट्टा नखाएवढा तुकडा होऊन सुटला होता. त्याच सिलेंडरचा प्लग भिंगाखाली धरला तर पांढऱ्या चिनी मातीवर मिरीच्या पुडीएवढे चमकते ठिपके दिसले. ते ठिपके म्हणजे पिस्टनचं वितळलेलं ॲल्युमिनियम. तुमच्या गाडीचे प्लग सर्व्हिसला काढले की मेकॅनिकला ते टाकू देऊ नका, उन्हात धरून बघा. असे ठिपके दिसले तर पेट्रोल बदला आणि मग पुढचा विचार करा.

पंपावरचं नाव नको, आकडा वाचा

महागाच्या प्रत्येक पेट्रोलचा ऑक्टेन जास्त असतोच असं नाही. काही ब्रँडेड पेट्रोलमध्ये ऑक्टेन साध्याएवढाच असतो, फक्त इंजेक्टर साफ ठेवणारं औषध मिसळलेलं असतं. इंडियन ऑइलच्या एक्सपी९५ किंवा भारत पेट्रोलियमच्या स्पीड ९७ मध्ये आकडा नावातच आहे, तो बघा. एक्सपी१०० डिसेंबर २०२० मध्ये निवडक शहरांत आलं; रस्त्यावरच्या गाडीला त्याची गरज क्वचितच पडते. नावात आकडा नसेल तर मशीनवर लिहिलेला विचारा. "चांगलं आहे ओ काका" हे उत्तर पुरेसं नाही.

साफ करणाऱ्या औषधाबद्दलही थोडं. तुमचं इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं असेल तर पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये पडतं, इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीला लागतच नाही. त्यामुळं व्हॉल्व्हवरचा कार्बन कुठल्याही पेट्रोलनं निघत नाही. इंजेक्टरला मात्र फायदा होतो.

इथेनॉलचं काय? आपल्या चिकोडी, अथणी, रायबागच्या उसाच्या पट्ट्यातले लोक हे आवर्जून विचारतात. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०० च्या बराच वर आहे, म्हणून ते मिसळल्यावर पेट्रोलचा ऑक्टेन वाढतो, आणि ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मुळं तो ९५ च्या आसपास जातो असं पेट्रोलियम मंत्रालयानं २०२५ मध्ये सांगितलं आहे. नॉकिंगच्या दृष्टीनं ही चांगली गोष्ट. मात्र इथेनॉलमध्ये लिटरमागं ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी असते, त्यामुळं मायलेज थोडं उतरतं. तुमच्या गाडीला किमान ९५ हवं असेल तर मी तरी मशीनवर ९५ छापलेलंच भरेन.

घाटात तपासून बघा

मधल्या खान्यातल्या गाडीसाठी माझी पद्धत अशी. टाकी जवळजवळ रिकामी होऊ द्या आणि ९५ किंवा ९७ भरा. पहिली टाकी ईसीयूला शिकायला द्या, दुसऱ्या टाकीवर निकाल बघा. मिश्रणाचा हिशोब सोपा आहे: १० लिटर ९१ शिल्लक असताना ३० लिटर ९७ टाकलं तर टाकीत साधारण ९५.५ होतं. म्हणजे थोडं साधं उरलेलं असलं तरी बिघडत नाही.

आता रस्ता निवडा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. इथं हवा विरळ, दुपारही कोकणाएवढी जाचक नसते. शहरात, काँग्रेस रोडवर किंवा सांबऱ्याकडं जाताना बहुतेक गाड्या साध्यावर कुरकुरत नाहीत. त्यावरून निर्णय घेऊ नका. कोल्हापूरहून येताना निपाणी सोडल्यावर तवंदीचा घाट चढा, किंवा हत्तरगीकडून वंटमुरीचा. त्याहून खरी परीक्षा गोव्याकडून येतानाच्या चोर्ला घाटाची. गोव्यातल्या साखळी, केरीच्या बाजूला तुम्ही जवळजवळ समुद्राच्या पातळीवर असता. हवा दाट आणि तापलेली. तिथून चार माणसं, सामान आणि चालू एसी घेऊन घाटाचा चढ लागतो. नॉकिंगला लागणाऱ्या सगळ्या गोष्टी एकाच ठिकाणी जमतात. आणि नेमकं गोव्यात पेट्रोल स्वस्त म्हणून आपण परतताना तिथंच साधं ठासून भरतो! ज्यांच्या गाडीची शिफारस ९५ आहे त्यांनी दर बघून हवं तर तिकडंच भरावं, पण त्या चढासाठी तिथलं ९५ भरावं.

घाटात काय बघायचं? एक, त्याच गिअरमध्ये, तेवढ्याच वेगात गाडी ओढते का. दोन, आवाज. तीन, ज्यांना हौस आहे त्यांनी ओबीडीचा छोटा डोंगल (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटात बसणारं यंत्र) लावून मोबाईलवर इग्निशन टायमिंग (ठिणगी कधी पडते तो आकडा; मागं गेला म्हणजे ठिणगी उशिरा) बघावं, पण शेजारी बसलेल्यानं, चालवणाऱ्यानं नव्हे. साध्यावर चढताना टायमिंग वारंवार मागं जात असेल आणि ९५ वर तसं होत नसेल, तर उत्तर मिळालं. दोन्हीवर सारखंच असेल तर साध्यावर खुशाल राहा.

पैशाचा हिशोब असा लावा. समजा साधं १०३ आणि ९५ वालं १११ रुपये लिटर आहे. फरक सुमारे आठ टक्के. साध्यावर १२ चं मायलेज देणारी गाडी ९५ वर जवळजवळ १३ देऊ लागली, तरच महागाचं पेट्रोल स्वतःचे पैसे स्वतः फेडतं. एवढी वाढ सहसा होत नाही. म्हणून ९५ भरायचं ते इंजिनासाठी आणि ओढीसाठी, बचतीसाठी नाही. सीमेवरच्या दरांचंही जुनं गणित आता धरून बसू नका. जून २०२४ मध्ये कर्नाटकानं पेट्रोलवरचा विक्रीकर २५.९२ वरून २९.८४ टक्के केला आणि लिटरमागं तीन रुपये वाढले. महाराष्ट्रातल्या कागलचे लोक इकडं स्वस्त म्हणून पेट्रोलसाठी सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडं, कर्नाटकात, यायचे, त्यातला फायदा बराच आटला.

ताजं पेट्रोल, खरं पेट्रोल

ज्या पंपावर ९५ चा नोझल दिवसभर कुणी उचलत नाही, तिथलं ९५ घेऊ नका. जुन्या पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. आपल्याकडं पाऊस कसा असतो ते सांगायला नको; खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला तर सगळं महिनोन्‌महिने ओलं. टाकीत पाणी शिरलं की पाणी आणि इथेनॉल खाली बसतं आणि पंप नेमकं तेच उपसतो. म्हणून शहरातला किंवा हायवेवरचा, जिथं महागाच्या नोझलला खप आहे असा एक पंप धरून ठेवा. शंका आली तर फिल्टर पेपरची चाचणी (कागदावर थेंब टाकून डाग उरतो का बघतात ती) आणि घनता मोजून दाखवायला सांगा. तो ग्राहकाचा हक्क आहे, भांडणाची गोष्ट नव्हे. त्या दिवसाची घनता पंपाला नोंदवून ठेवावी लागते, तिच्याशी ताडून बघा.

बाटलीतले ऑक्टेन बूस्टर मी टाळायला सांगतो. डब्यावर "३० पॉइंट" लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा ऑक्टेनचे तीनच असतात, आणि मँगनीजवाले बूस्टर प्लगवर तांबूस थर चढवतात. त्याच पैशात ९७ भरा.

रिमॅप केलेल्यांसाठी वेगळा नियम आहे. तुमचा मॅप ज्या ऑक्टेनवर बनवला, तेच पेट्रोल कायम भरायचं. ट्यून करणाऱ्याकडून तो आकडा लिहून घ्या आणि झाकणाच्या आत चिकटवा, म्हणजे गाडी भाऊ घेऊन गेला तरी चूक होणार नाही. ९७ चा मॅप असलेली गाडी ९१ वर एक्सप्रेसवेवर असल्यासारखी हाकलली, तर नॉक सेन्सरलाही किती सांभाळता येईल याला मर्यादा आहे.

आणि कधी अडचण आलीच, रात्री आडवाटेला साध्याशिवाय काही नाही, तर घाबरू नका. लागेल तेवढंच भरा. वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नका. टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात ठिणगीच्या आधीच पेट घेण्याचा धोका तिथंच सगळ्यात जास्त. एक गिअर खाली घ्या, आरपीएम दोन-अडीच हजारांच्या वर ठेवा, चढावर एसी बंद करा, आणि पहिल्या ९५ च्या पंपावर टाकी भरून घ्या.