पाणबुडीचा युद्धकाळ तारीखवार कसा जुळवायचा: ‘गाझी’चं उदाहरण

कोणी बुडवली, कशी बुडवली, इथूनच बहुतेकांचा उत्साह सुरू होतो. ते शेवटी ठेवा. आधी एक्सेलचं पान उघडा आणि सहा रकाने आखा: तारीख, वेळ (कोणत्या देशाची तेही), ठिकाण, घटना, हे कोण म्हणतं, आणि खात्री किती. पाचवा रकाना रिकामा राहत असेल तर ती ओळ लिहूच नका. पुढे वाद झाला की याच रकान्यावर सगळं अडतं.

पहिली ओळ गोदीपासून. पाणबुडीचं नाव जन्मभर एकच असतं असं नाही. पाकिस्तानची ‘गाझी’ ही मूळची अमेरिकेची ‘डायब्लो’, क्रमांक 479, पोर्ट्समथच्या नौदल गोदीत बांधलेली. 31 मार्च 1945 ला सेवेत, 1 जून 1964 ला पाकिस्तानकडे. फक्त ‘गाझी’ शोधत बसलात तर आधीची एकोणीस वर्षं हातची जातात. अमेरिकी नौदलाचा जहाजकोश जुन्या नावाने इंटरनेटवर फुकट वाचता येतो. तिथे कळतं की 10 ऑगस्ट 1945 ला ती पर्ल हार्बरहून पहिल्या लढाऊ गस्तीवर निघाली, लढाई थांबली आणि तिला ग्वामकडे वळवलं. 22 ऑगस्टला ती तिथे पोहोचली. कागदावर ‘लढाऊ गस्त’, शत्रूशी गाठ शून्य. असल्या ओळींपुढे शेरा हवाच, नाहीतर दुसरा कोणी ती उचलून ‘दुसऱ्या महायुद्धात लढलेली’ असं ठोकून देतो, आणि असे लेख कमी नाहीत. दुरुस्तीचे महिने एका ओळीत उरका.

घोळ होतो तो वेळेचा. 1971 मध्ये पश्चिम पाकिस्तानचं घड्याळ आपल्या मागे अर्धा तास, पूर्व पाकिस्तानचं पुढे अर्धा तास. ‘गाझी’ विशाखापट्टणमजवळ बुडाली ती 3 आणि 4 डिसेंबरच्या मधल्या रात्री. म्हणून एका ठिकाणी 3 दिसेल, दुसरीकडे 4, आणि दोन्ही बरोबर असू शकतात. मूळ वेळ जशी आहे तशी लिहा, रूपांतर शेजारी. मूळ आकडा खोडायचा नाही.

मग गणित. डिझेल-विद्युत पाणबुडी स्नॉर्केल (इंजिनाला हवा देणारी नळी) पाण्यावर ठेवून जेमतेम 8–9 नॉटने (तासाला तेवढे सागरी मैल) जाते, दिवसाला धरा 200 सागरी मैल (एक सागरी मैल 1.852 किलोमीटर). भारताची पाणबुडी ‘कुर्सुरा’ 13 नोव्हेंबर 1971 ला निघून 18 ला गस्तीच्या जागी पोहोचली, म्हणजे पाच दिवसांत हजारेक मैल, बसतं. कुणी दोन दिवसांत तेवढं अंतर कापून दाखवलं, तर तारीख तरी चुकली आहे नाहीतर जागा.

बुडवल्याच्या दाव्यांवर सर्वांत जास्त वेळ घालवा. टॉर्पेडो (पाण्याखालून धावणारा स्फोटक) सोडला की कमांडर बहुतेक वेळा खोल जातो; पेरिस्कोप खाली, उरतात फक्त आवाज. स्फोट ऐकू येतो, पण तो लक्ष्यावर झाला, वाटेत झाला की टॉर्पेडोची धाव संपल्यावर, हे कानाने ठरत नाही. अमेरिकेचा मार्क 14 टॉर्पेडो तर महायुद्धात ठरवलेल्या खोलीपेक्षा सुमारे 10 फूट खाली धावायचा आणि त्याचा चुंबकीय स्फोटक कधी वेळेआधीच उडायचा. ‘गाझी’कडे 1965 मध्ये मार्क 14च होते. 22 सप्टेंबर 1965 ला भारताच्या ‘ब्रह्मपुत्रा’ या युद्धनौकेवर नेम बसल्याचं पाकिस्तानने सांगितलं, जहाज मात्र शाबूत होतं. म्हणून दावा एका ओळीत, समोरच्या देशाच्या नोंदीतलं नुकसान दुसऱ्या ओळीत. दोन्ही जुळल्याशिवाय खात्रीच्या रकान्यात ‘पक्की’ येत नाही.

‘गाझी’च्या शेवटाच्याही अशाच दोन ओळी होतात. भारताच्या मते ‘राजपूत’ या विनाशिकेचे डेप्थ चार्ज (पाण्यात खोल फुटणारे बॉम्ब). पाकिस्तानच्या मते स्वतःच पेरलेल्या सुरुंगाचा किंवा आतला स्फोट. दोन्हींचं मिश्रण करून तिसरी गोष्ट तयार करू नका.

नागपुरात बसून वर्तमानपत्रं चाळायची तर ‘तरुण भारत’ आणि ‘हितवाद’च्या जुन्या फायली आधी पाहा. दैनिक ‘लोकमत’ 15 डिसेंबर 1971 ला सुरू झालं, तेव्हा तिथे पहिल्या पंधरवड्याचं काही मिळणार नाही. बाकीच्यांच्या 4–5 तारखेच्या अंकांतही ‘गाझी’बद्दल काही सापडणार नाही, कारण ‘गाझी’ बुडाल्याचं निवेदन 9 ला आलं. त्याच रात्री भारताची युद्धनौका ‘खुकरी’ बुडाली, त्यामुळे 10 तारखेनंतरच्या बातम्यांमध्ये दोन्हींची सरमिसळ होण्याचा धोका आहे.

भारतीय जहाजांच्या कागदांसाठी माहिती अधिकारात ऑनलाइन अर्ज करा. शुल्क 10 रुपये. ‘सगळी माहिती द्या’ लिहिलंत तर नकार ठरलेला. जहाजाचं नाव, दोन तारखा आणि एकच कागद मागा, उदाहरणार्थ लॉगबुक (जहाजाची रोजची नोंदवही). वीस वर्षांपूर्वीच्या घटनांसाठी कलम 8(3) नमूद करा; सुरक्षेचं कारण मात्र तरीही आडवं येऊ शकतं. कागद आमच्याकडे नाहीत असं उत्तर आलं तर कलम 6(3) खाली अर्ज पुढे पाठवायला सांगा. नकार मिळाला तर 30 दिवसांत पहिलं अपील.

माजी नौसैनिकांपर्यंत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत निरोप पोहोचवता येतो का ते विचारा. भेट झाली की आधी त्यांची शाखा विचारा. इंजिनखोलीतल्या माणसाने बाहेरचं काही पाहिलेलं नसतं, पण बॅटरी किती वेळ चालली आणि हवा कधी जड झाली हे त्याच्याइतकं नेमकं कमांडरही सांगणार नाही.