कथेत भाव उतरवताना या चुका टाळा

दिवाळी अंकाकडे आलेल्या कथा चाळायचं काम दर पावसाळ्यात माझ्या गळ्यात पडतं. गठ्ठा सोडला की तिसऱ्या पानाच्या आत कुणीतरी मरतं आणि बाहेर पाऊस सुरू होतो. दरवर्षी तेच. म्हणून हे लिहायला बसलो.

भाड्यानं आणलेला पाऊस. ही चूक मी स्वतः केलीय, म्हणून दुरून वास येतो. पंचविशीत वडिलांच्या मृत्यूवर कथा लिहिली. धो धो पाऊस, लाइट गेलेली, समईची ज्योत फडफडतेय. नागपुरात महाल भागातल्या घरी आत्याला वाचून दाखवली. ती चष्मा काढत म्हणाली, "काहून रे, दादा गेला तेव्हा तं नवतपा सुरू होता न? पाऊस कुठून आणला तू?"

मे महिन्याचा शेवट होता; नवतपा म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. संध्याकाळी कूलर गरम हवा फेकू लागला, पंप कोरडाच घरघरत होता. घर माणसांनी भरलेलं, पण टाकीतलं पाणी संपलंय हे कुणाच्या ध्यानात येईना. रोज चार बादल्या ओतायचे ते बाबा.

पाऊस काढला, कूलर ठेवला. दुसऱ्यांदा ऐकताना आत्या मधेच उठून आत गेली.

तेव्हापासून प्रसंग लिहायच्या आधी वहीच्या कोपऱ्यात तीन गोष्टी टिपतो: महिना कोणता, वेळ काय, खोलीत आवाज कशाचा. एकही आठवत नसली तर त्या दिवशी लिहीत नाही.

भावनेचं नाव घेणं. 'तिला अतीव दुःख झालं.' झालं असेल, मी काय करू? संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटानं 11व्या शतकात 'काव्यप्रकाशा'त रसदोष, म्हणजे रस बिघडवणाऱ्या चुका, मोजले, त्यात पहिला हाच: भावाला त्याच्याच नावानं हाक मारणं. नाव घेतलं की वाचकाला कळतं, पण होत काही नाही. 'मेघदूता'तला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक असं आपण मानतो, गड चढतो, फोटो काढतो. 'मेघदूता'चा दुसरा श्लोक मात्र कुणी उघडत नाही. त्यात बायकोपासून ताटातूट झालेल्या यक्षाच्या दुःखाचं वर्णन नाही; हातातलं सोन्याचं कडं गळून पडलंय आणि हात रिकामा आहे, एवढंच. किती वाळला ते आपण समजायचं. आणि हो, तिथला ढग आषाढातला आहे. कालिदासानं महिना पाहून ढग आणला.

चाल न ऐकणं. 'मेघदूत' मंदाक्रांता वृत्तात आहे. तिच्या ओळीत 17 अक्षरं, त्यातली पहिली चार गुरू, म्हणजे लांबवून म्हणायची. म्हणून ती पाय ओढतच निघते. गद्यालाही चाल असते. मोठ्यानं वाचा, घरचे हसले तरी.

तीन टिंबांनी हुरहुर लागत नाही.

पात्र पानभर रडलं की वाचकाला काही शिल्लक राहत नाही.

कुत्रं मारू नका. फार सोपं आहे ते.

गेल्या महिन्यात एका मुलानं विचारलं, "सर, करुण रस पटकन यावा म्हणून काय टाकू?" फोडणीचं विचारावं तसं. त्याच्या कथेत आजोबा आणि कुत्रा, दोघंही गेलेले. मी विचारलं, आजोबांच्या खाटेवर नंतर कोण झोपायला लागलं?

"ते कथेत नाही न, सर."

मुदतीला पंधरा दिवस होते. कथा परत दिली.